मागच्या अंगणातल्या खुंट्या

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी नगरपालिकेच्या खिडकीपुढे उभा होतो. कारकुनाने अर्जावर शिक्का मारला आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, आई गेली. कुठे आहात तुम्ही?" कामात आहे, म्हणालो. पोच घेतली, घडी करून खिशात घातली आणि मग दवाखान्याकडे निघालो.

अर्ज नव्या नियमाविरुद्ध होता. आमच्या भागात आजवर एका जागेवर एकच घर बांधता यायचं. आता तेवढ्याच जागेवर तीन घरांना परवानगी मिळणार होती. भाडी वाढलीत, लोकांना राहायला जागा नाही, असं कारण दिलं होतं. मात्र गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरमालकांनी हरकत घेतली तर ती गल्ली नियमातून वगळणार होते. आमच्या गल्लीत एकोणीस घरं. मी दारोदार फिरून दहा सह्या जमवल्या. आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली आहेत मी. कुणी आपणहून दार उघडून द्यायला आला की आधी त्याच्या हाताकडे बघतो.

तीन आठवड्यांनी मागच्या अंगणात गेलो, तर गवतात चार लाकडी खुंट्या. त्यांना दोरा गुंडाळलेला. आम्ही दवाखान्याचे खेटे घालत असताना कुणीतरी आमची जागा मोजून गेलं होतं.

समोरच्या घरात एक बांधकाम ठेकेदार राहतो. त्याने हरकतीवर सही दिली नव्हती. त्याला बोलावून खुंट्या दाखवल्या.

"काका, मी ठोकल्या असत्या तर काटकोनात असत्या. ही खोली आहे का पतंग?" त्याने टेप काढून मोजलं. "दहा फूट दीड इंच. बारा फूट दीड इंच. हा दीड इंच कुठून आणला? असं कुणी मोजत नाही."

तो हसत होता. मला हसू आलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

रविवारी मुलगी आणि जावई आले. दोघं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहतात, दोन मुलांसह. घरमालकाने दोन महिन्यांत खोली सोडायला सांगितली आहे. जावयाने दवाखान्यातच एकदा विचारलं होतं, "बाबा, मागची जागा किती असेल हो?" ते माझ्या डोक्यात बसलं होतं.

"जावईबापू," मी म्हणालो, "टेप घेऊन कधी आला होतात?"

तो बायकोकडे बघायला लागला.

"आई तिकडे पडलेली असताना आम्ही इथे जागा मोजत होतो, असं वाटतं तुम्हाला?" मुलगी म्हणाली.

"मला काही वाटत नाही. खुंट्या दिसतात."

"मग अंगणाला कुलूप घाला. तेवढंच येतं तुम्हाला."

मी त्यांच्यासमोर चारही खुंट्या उपटल्या. चहा तसाच राहिला आणि ती दोघं निघून गेली.

खुंट्या फेकायला निघालो तेव्हा दोरा नीट पाहिला. जाड, निळा, जीन्सच्या शिवणीचा. बायको शिवणकाम करायची. हाच दोरा तिच्या मशीनवर होता. मशीनचा खण उघडला. आत खाकी कागद होता, ब्लाउज बेतायच्या आधी ती कापायची तसा कापलेला, टाचण्या लावून जोडलेला. त्यावर तिचं अक्षर. स्वयंपाक. मुलांचं. खिडकी इकडे. प्रत्येक तुकड्याच्या कडेने आत तुटक रेघ होती. कुठलंही कापड बेतताना दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच जास्त सोडायची ती, शिवणीत जायला. घरालाही सोडलं होतं.

आजारी पडण्याआधी कधीतरी एकटीने गवतात वाकून हे केलं असणार. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते तिला माहीत होतं.

दवाखान्यात तिने मला तीनदा विचारलं, "तो नियम झाला का?" मला वाटलं, तिलाही धास्ती आहे. मी म्हणायचो, "होऊ देत नाही, तू निवांत पड." तिसऱ्या वेळी तिने भिंतीकडे तोंड केलं. औषधाने झोप येत असेल, असं वाटलं मला.

घर तिच्या वडिलांनी तिला दिलेलं, तिच्याच नावावर. त्यामुळे आमच्या घराची सही तिची लागत होती. ती आजारी होती, विचारायचं काय त्यात, म्हणून तिच्या नावाने मीच केली. तीच दहावी. ती निघाली तर नऊ उरतात, आणि नऊवर गल्ली वगळता येत नाही. ठेकेदाराला नुसतं विचारलं, नऊच असत्या तर? तो म्हणाला, "मग काका, तुमच्याही अंगणात घर उठेल."

जमिनीत भोकं होतीच. खुंट्या परत ठोकल्या, होत्या तशाच तिरक्या.

हरकतीवरची सुनावणी गुरुवारी आहे. मुलीला फोन केलेला नाही. दहावी सही माझ्या हातची आहे, हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.