बांधावरचा शंभरचा बल्ब

“तार चालू होऊन राह्यली होऽऽ… बांधावर पाय नोका ठेवू होऽऽ…”

लग्न होऊन रंजीता या गावात आली, तेव्हा दिवेलागणीला ही हाक ऐकून तिला वाटायचं, तळ्यापलीकडे कोणी गाणंच म्हणतंय. धान लोंबीवर आलं की रानडुकरं उतरायची. मग चुलत सासरे मुखरू विजेच्या खांबावर आकडा टाकून आपल्या बांधाभोवतीची तार जिवंत करायचे. त्याआधी तळ्याच्या पाळीवर उभं राहून चारी दिशांना हाक घालायचे. तळ्यात जाळी पाहणारे हाक ऐकायचे आणि वळसा घालून घरी यायचे.

पुढे एका साली मुखरूंनी त्या तारेत शंभरचा बल्ब बसवला. काही तारेला लागलं तर बल्ब पेटेल, ओसरीतून दिसेल, उठून आकडा काढता येईल. घसा कशाला फोडायचा? हाक बंद झाली.

त्याच हंगामात रंजीताचा नवरा धनराज ओल्या अंगानं, खांद्यावर जाळं टाकून बांधाबांधानं घरी यायला निघाला, आणि सकाळी चौघांनी उचललेल्या खाटेवर आला. साप, असं मुखरू म्हणाले. पायाच्या नळीवरचा जळका वण सगळ्यांनी पाहिला आणि सगळे साप म्हणाले. रंजीतानंही मान हलवली. रडू तेव्हा आलं नाही, पुढेही आलं नाही. दाढ काढताना भूल दिली की आपलाच गाल आपला वाटत नाही. तिला सगळं अंगच तसं झालं होतं. भात शिजायचा, ती जेवायची. कोणी हाक मारली की ओ द्यायची.

मग ती सिंदेवाहीला आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला जाऊ लागली. शेजारच्या सोमारीबाईनं विचारलं, “काऊन वो, एवढं सोडून करंटचंच काऊन शिकतं?”

“बस दारासमोरून जाते,” रंजीता म्हणाली.

वर्गात गोपाल सर फळ्यावर खडू आपटत सांगायचे, “व्होल्टले अँपिअरनं भागलं तर रोध, गुणलं तर वॉट. हे इसरलात तर घरी जाऊन म्हशी धुवा.” एके दिवशी त्यांनी आधी इस्त्रीचं गणित दिलं. दोनशे तीस व्होल्ट, चार अँपिअर. रोध साडेसत्तावन्न ओहम, शक्ती नऊशे वीस वॉट. पोरांनी पटापट सोडवलं.

“आता दुसरं. दोनशे तीसच्या तारेले ओला माणूस लागला. अंगातून गेले शून्य पॉइंट दोन अँपिअर. सांगा.”

“सर, त्याचं बिल कोन भरते?” मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

“साडेअकराशे ओहम,” रंजीता म्हणाली. “शेचाळीस वॉट.”

“शाबास, बाई. घरातल्या साठच्या बल्बापेक्षा कमी. एवढ्यात माणूस जाते.”

तिनं उत्तराखाली रेघ मारली. हात मात्र थांबला नाही. शंभरचा बल्ब. शंभराला दोनशे तीसनं भागलं: शून्य पॉइंट त्रेचाळीस. तेवढी धारा मिळाली तर तो लख्ख पेटणार. माणसातून गेली ती निम्म्याहून कमी. त्यात बल्बातली बारीक तार लालसर होईल फार तर, जवळ गेलं तरच दिसेल. म्हणजे त्या संध्याकाळी मुखरू मामाजी ओसरीत बसून, बल्बाकडे नजर लावून, निवांत राहिले असतील. बल्ब पेटला नव्हता.

तिनं वही मिटली. आत काही हललं का, म्हणून थोडं थांबून पाहिलं. नाही हललं.

घरी आली तेव्हा अंगणात दीर भूपेश जाळं सांधत बसला होता. भाऊ गेला तेव्हा तो तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. आला तेव्हा माती देऊन झाली होती. साप त्यानं ऐकूनच घेतला होता. एवढ्यात खांद्यावर तारेचं वेटोळं आणि हातात बल्ब घेऊन मुखरू आले. धान यंदाही लोंबीवर आलं होतं.

“रंजीता बाई, तू तं आता करंटवाली मास्तरीन झाली. पाह्य बरं, हा बल्ब बराबर हाय का? याले सांगून दे, बल्ब असला का भेव नाई. हा आज बांधानंच जातो म्हणते.”

“मले तारेचं भेव नाई, काका,” भूपेश म्हणाला. “सापाचं हाय. दादाले जिथी चावला, तिथून मी काठी आपटत जातो. नजर खालीच.”

“नव्या नवरीवानी!” मुखरू हसले.

भूपेशही हसला. गुडघ्याएवढ्या उंचीवरची तार, आणि हा पायाखाली पाहत जाणार. रंजीतानं बल्ब हातात घेतला, हलवून पाहिला. बल्ब चांगला होता.

“हा माणसानं नाई पेटत, मामाजी.”

“आँ?”

“याले शंभर वॉट लागते. माणूस शेचाळीसमधीच जाते. तुमी पाहत राह्यसान, हा पेटनारच नाई.”

मुखरूंचं तोंड हसरंच राहिलं, हसू तेवढं गेलं. “बाई,” ते हळूच म्हणाले, “जा, चूल पाह्य.”

ती गेली नाही.

“वहिनी?” भूपेशनं जाळं खाली ठेवलं. “काय म्हणून राह्यली तू?”

“तुमच्या दादाले साप नाई चावला, भूपेशभाऊ,” रंजीता म्हणाली. आवाज वर्गात उत्तर सांगताना होता तसाच होता. “काकाच्या तारेनं गेले ते. गावाले माहीत हाय. मले बी माहीत होतं.”