नीळकंठबाबाची निळी नखं

महाल नावाच्या वस्तीतल्या एका मंगल कार्यालयात दर रविवारी सकाळी नीळकंठबाबाचा दरबार भरे, आणि चपलांची रांग थेट रस्त्यावर येई. बाबाचं काम दिसायला सोपं. रोग्याच्या अंगावरून पांढरं सुती फडकं सात वेळा उतरवायचं, गंगाळात बुडवायचं, चिमट्यानं वर काढायचं. फडकं निघे पिवळंहिरवं. बाबा मंत्र पुटपुटे आणि बघता बघता ते गर्द निळं होई.

"विष हाये हे," बाबा म्हणे आणि स्वतःची निळी नखं पुढे करी. "सगळ्यायचं मीच पचवून राहिलो. आता सुई नाई, गोळी नाई. माह्या भरोशावर सोडा."

तिसऱ्या रांगेत बसलेले मधुकरराव ती नखं न्याहाळत होते. रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते तेव्हा त्यांचीही नखं अशीच असत. त्यासाठी त्यांना कुणाचं विष कधी पचवावं लागलं नव्हतं.

ते आले होते धाकट्या बहिणीसाठी. चंद्रकलानं तीन आठवड्यांपासून इन्सुलिन बंद केलं होतं आणि तिच्या पायाच्या बोटावरची जखम काळी पडू लागली होती. साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

गंगाळाचं झाकण निघालं तसा नाकात जळक्या काडेपेटीसारखा वास शिरला. हा रंगाचा खेळ आहे असा मधुकररावांना संशय होताच, आता खात्री पटली. आणि ती जांभळट झाक असलेली निळाई तर त्यांचीच. विणकरांना चूल न पेटवता गार पाण्यात सूत रंगवता यावं म्हणून त्यांनी अकरा वर्षं खपून या रंगाची भुकटी शोधली होती. ती तयार झाली तोवर त्यांच्या गल्लीतले हातमाग थंडावले, आणि डबे गोदामात पडून राहिले. ते कुणीतरी इथं आणले होते. त्यांना संताप आला. खरं सांगायचं तर जरासा अभिमानही वाटला, आणि त्याची लाज वाटली.

चंद्रकलाचा नंबर लागला, तसे तेही तिच्यासोबत पुढे गेले. फडकं वर निघताच मधुकररावांनी त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर प्लॅस्टिकची पन्नी चढवली, दाबून हवा काढली आणि तोंड गच्च आवळलं.

"हे काय करून राहिले?" बाबा दचकला.

"विष सांडू नाही म्हणून, महाराज. तुम्ही मंत्र म्हणा ना."

बाबानं मंत्र म्हटला. वरचं अर्धं फडकं निळं झालं, पन्नीतलं पिवळंच राहिलं. बाबानं आवाज चढवला, तरी ते पिवळंच. लोक माना उंचावून पाहू लागले.

"पापी माणूस मधात आला," एक चेला म्हणाला.

"असन. आता कोणीच मंत्र म्हणू नका," म्हणत मधुकररावांनी पन्नी काढली. पिवळं हिरवं झालं, हिरवं निळं झालं.

"हवा लागली का हा रंग निळा होते, एवढंच. सुताचा रंग हाये, मीच बनवला. फडकं माह्या चपलेवरून उतरवून पाहा, तिचंही विष निघन."

बाबाला अचानक ध्यानाची वेळ आठवली. तो आत गेला तो परतला नाही.

रिक्षात चंद्रकला हळूच म्हणाली, "मले माहीत होतं, भाऊ. आपल्या वडलाच्या रंगाच्या हौदातून सूत असंच पिवळं निघे. मीच तर दोरीवर टाको."

"मग काहून बसली वं तिथं?"

"रोज पोटात टोचून कंटाळली होती गा. आता नको टोचू, असं कोणीतरी म्हणावं, एवढंच पायजे होतं."

मधुकरराव तिच्यावर रागावणार होते, पण रागावले नाहीत. त्यांनी रिक्षा दवाखान्याकडे वळवायला सांगितली. चंद्रकलाचं एक बोट गेलं, पाय वाचला.

बाबानं दाखवलं ते तिनं लहानपणी अंगणात रोज पाहिलं होतं. विणकरांच्या त्या वस्तीत आणखी कितीजणांनी पाहिलं असेल. म्हणून सांगणं एवढंच, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी आठवून बघा, हे आपण कुठं पाहिलंय का. आणि जो औषध बंद करायला सांगतो, त्याच्या दारात चपला काढू नका.