डावा कौल

जितेंद्रला कसलंही भय वाटत नव्हतं, आणि त्याचंच अनुजाला भय वाटत होतं.

शिरोड्याच्या किनाऱ्यावर वर ओढून घेताना होडी घसरली आणि तिच्या नवऱ्याच्या, जितेंद्रच्या कमरेवर आली. हाडं जुळली, पण मणक्यातून डाव्या पायाकडे जाणाऱ्या नसांची मुळंच चिरडली होती. तो पाय ओंडक्यासारखा नुसता लोंबायचा. उजवा पाय आणि कुबडी यांच्या जोरावर तो घरभर फिरे, पडवीत बसून जाळी दुरुस्त करी. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सुचवला. त्याच्याच हाडातल्या मगजातून मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि पाठ उघडून नसांच्या मुळांशी सोडायच्या. "अजून चाचण्या चालू आहेत," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "गुण येईलच असं नाही. शिवाय चांगल्या पायालाही इजा होऊ शकते."

हे ऐकून दुसरा कुणीही कचरला असता. जितेंद्र म्हणाला, देवाला विचारून सांगतो. गावदेवाला कौल लावल्याशिवाय त्या घरात गायसुद्धा विकत घेत नसत. त्याला देवळाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून अनुजा गेली. बाबली गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाकळी डावीकडची पडली. बाबलीने तिच्याकडे बघायचं टाळलं.

घरी जितेंद्र दारातच कुबडीवर उभा होता. इतकी आशा त्या चेहऱ्यावर तिने अपघातानंतर पाहिलीच नव्हती. तिच्या तोंडून निघून गेलं, "उजवो दिल्यान."

झालं! गड्याने हसत हसत हाडातला मगज काढून दिला. धोक्याचं कुणी बोललं की त्याचं ठरलेलं उत्तर, "देवान कौल दिल्यान, मगे भियाचा कित्याक?" इकडे अनुजाला सारखी ती डावी पाकळीच दिसत होती. देव नाही म्हणाला होता आणि ती त्याला सुरीखाली पाठवत होती. उजवा पायही गेला तर ते पाप कुणाचं?

मग मुंबईहून फोन आला. पेशी तयार आहेत, फार टिकत नाहीत, उद्याच भरती व्हा. शेजारचा गुरुदास गाडी घेऊन अंगणात आला. जितेंद्र शीळ घालत शर्टाची बटणं लावत होता. ती शीळ तिला ऐकवेना.

"कौल डावो पडलो होतो," ती म्हणाली. "मी तुमका खोटा सांगलंय."

त्याचा हात बटणावरच राहिला. मग त्याने विचारलं, "बाबलीन देवाक काय इचारल्यान?"

"हे परत चलतले काय, असा."

तो खाटेवर बसला. मग फोन उचलून डॉक्टरीणबाईंशी शाळेतल्या मराठीत बोलला, "मॅडम, उजव्या पायाचं तुम्ही काय म्हणाला होता?" त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेच शब्द, पण आज त्यातला एकेक त्याला लागत होता. त्याने फोन ठेवला.

"माका भय वाटता गो," तो म्हणाला.

"मगे जाव नकात. गुरुदासाक परत धाडतंय."

"इतके दिस देवान ठरयला म्हणान गप होतंय. आता माकाच ठरवक होया." तो आपल्या लुळ्या पायाकडे बघत राहिला. "हयसर बसान तरी खंय चलतलंय? जावया."

"माझो राग इलो?"

"इलो तर. पण तो मगे."

अंगणात गाडीपाशी गुरुदास नेहमीसारखा त्याला उचलायला वाकला. जितेंद्रने त्याला थांबवलं. अनुजाच्या खांद्यावर सगळा भार टाकून त्याने उजव्या पायातली चप्पल काढली आणि अंगणातल्या गार रेतीत तळवा टेकवला. बोटं रुतवली, उचलली, पुन्हा रुतवली.

"काय करतंस रे?" गुरुदासने विचारलं.

"बघून घेतंय."

गुरुदासला कळलं नाही. अनुजाला कळलं, परत येताना ह्या पायालाही रेती कळेल की नाही, कुणास ठाऊक. त्याने आपणहून पाय उचलेपर्यंत ती त्याला धरून उभी राहिली.