दुसरी फेरी

रबरी होडी जहाजाच्या कुशीला टेकली तसे नकाशेवाले शिडीच्या तोंडाशी वाकले आणि त्यांनी बायकोसाठी हात पुढे केला. तिने तो पाहिलाच नाही. एका हाताने दोर आणि दुसऱ्याने शिडीचा गज धरून ती झपझप वर आली, डेकवर ओली पावलं उमटवत त्यांच्या बाजूने पुढे गेली आणि मागून चढणाऱ्या सहप्रवासी दंतवैद्यिणीला तिने वर ओढून घेतलं. नकाशेवाल्यांचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो कठड्यावर ठेवला, जणू कठडा धरायलाच तो निघाला होता.

"अहो, कासव!" टॉवेलने केस पुसत ती म्हणाली. "एवढं मोठं! माझ्या खालून गेलं. मान वळवून बघितलं माझ्याकडे."

"कुठे? खडकाच्या पूर्वेला का?"

"पूर्व-पश्चिम काय माहीत? पाण्यात. आणि तो खडक नाहीच मुळी. तुम्ही खडक खडक म्हणता ना, ते सगळं पोवळं आहे. जिवंत. त्या खाडीचं तोंडही तुम्ही काढलंय त्याच्या दुप्पट रुंद आहे. नकाशा चुकलाय तुमचा."

दंतवैद्यीण खो खो हसली. नकाशेवालेही हसले. हसता हसता त्यांनी खिशातली वही बाहेर काढली आणि काहीच न लिहिता परत ठेवली.

चौतीस वर्षं त्यांनी सागरी नकाशे काढले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत, भरदिवसा ट्यूबलाइट लावून, उतरत्या टेबलावर वाकून. मोजणीची जहाजं समुद्रात जायची, आकडे घेऊन यायची आणि ते आकडे नकाशेवाले बारीक टोकाच्या लेखणीने कागदावर उतरवायचे. इथे सात वाव खोल पाणी, इथे चार, इथे वाळूचा दांडा, इथे जाऊ नका. या बेटांच्या माळेतलं एकेक बेट त्यांच्या बोटांखालून गेलं होतं. पाहिलेलं मात्र एकही नव्हतं. एकदा जायचंच, असं ते घरी वर्षानुवर्षं म्हणत आले आणि बायको म्हणायची, "चौतीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यात, आता तिथे जाऊन काय करणार?" टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांचे नंबर जोडून देण्यात तिचा जन्म गेला होता. पोहायला ती शिकली ती निवृत्तीनंतर, तेही डॉक्टरांनी पाठीसाठी सांगितलं म्हणून, कमरेएवढ्या पाण्याच्या तलावात. या सफरीला यायलाही ती तयार नव्हती. अठरा प्रवाशांचं एवढंसं जहाज, हललं म्हणजे? आजारी पडलं तर डॉक्टर कुठला?

आणि आता आठव्या दिवशी सगळं जहाज तिच्या नावाने जागं होत होतं. "काकू, आज काय दिसलं?" "काकू, माझ्या जोडीला या हं पाण्यात." जीवशास्त्राची पदवी घेतलेली एक सडसडीत बाई प्रवाशांना बेटांवर नेत असे, सगळे तिला माशीणबाई म्हणत आणि तिलाही ते आवडे. ही माशीणबाई कोणतंही नवं पाणी दिसलं की आधी काकूंना हाक मारायची.

नकाशेवाल्यांना ती म्हणायची, "काका, आज जरा लाट आहे. तुम्ही दुसऱ्या फेरीत या." दुसरी फेरी निघायची तेव्हा ऊन चढलेलं असायचं. कधी अर्धा तास वाळूवर बसून परत, कधी "आता ओहोटी लागली, राहू दे." गुडघे थोडे धरत होते हे खरं. पण जहाजावरचे न्यायाधीश त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, काठी टेकत चालणारे, तेसुद्धा पहिल्या फेरीत असत. पहिले दोन दिवस नकाशेवाल्यांनी कासवावरही आनंद मानला, रंगीत माशांवरही मानला. तिसऱ्या दिवसापासून बायको ओल्या अंगाने सांगायला बसली की त्यांना ते ऐकवेना. आयत्या बिळावर नागोबा, असं त्यांच्या मनात यायचं आणि यायचं ते तिच्या चेहऱ्याकडे बघताना. मग ते चहाचा कप उचलून दुसरीकडे जाऊन बसत.

उद्याचं बेट शेवटचं. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत दूरचं. वरून पाहिलं तर अंगठीसारखं. मध्ये निळं तळं आणि तळ्यात जायला डोंगराला पडलेली एकच फट. भरती चढत असतानाचे दोन-अडीच तासच होडी आत जाते. हे बेट नकाशेवाल्यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी काढलं होतं, कोणाची मदत न घेता केलेलं पहिलं काम. साहेबांनी त्यावर दुरुस्तीची एक खूणही केली नव्हती. लग्न ठरल्यावर पहिल्या भेटीत बायकोला त्यांनी दुसरं काही नाही, हे बेट सांगितलं होतं.

दुपारी जेवणघराच्या दाराशी माशीणबाईने उद्याच्या पहिल्या फेरीची यादी लावली. बायकोचं नाव सर्वांत वर. नकाशेवाल्यांनी यादी दोनदा वाचली; त्यांचं नाव तीत नव्हतं. मग ते मागच्या डेकवर गेले. माशीणबाई तिथे पाण्यातले चष्मे धुवत बसली होती.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "तिला कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून. काल तिला चक्कर आली होती. बीपीचा त्रास आहे. लपवते ती."

माशीणबाईचे हात थांबले. "काकूंना? वाटत नाही हो."

"वाटत नाहीच. तीच तर पंचाईत आहे."

ते बोलले आणि त्यांनाच नवल वाटलं, किती गुळगुळीत बोललो आपण.

सकाळी अंगठीचं बेट समोर होतं. बायको जॅकेटचे बंद आवळून शिडीपाशी उभी होती. माशीणबाईने तिला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही सांगितलं. नकाशेवाले कठड्याला टेकून फटीकडे बघत राहिले. बघत राहिले म्हणजे मान तिकडे होती.

"बरं," बायकोचा आवाज आला.

एवढंच. तिने वाद घातला नाही, कोण म्हणालं असंही विचारलं नाही. बंद एकेक करून सोडले, जॅकेट खुंटीला अडकवलं आणि वळून नवऱ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही; एखाद्या नंबरावर कोणी उचलतंय का ते ऐकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

दोन्ही होड्या गेल्या; शेवटच्या बेटाला या दोघांखेरीज सगळेच पहिल्या फेरीत होते. आधी माणसांचे आवाज गेले, मग इंजिनाचा. जहाजावर आचारी, कप्तान आणि ती दोघं राहिली. बायकोने वेताची खुर्ची ओढली आणि बेटाकडे तोंड करून बसली. नकाशेवाले शेजारच्या खुर्चीत बसले. हेच हवं होतं ना, त्यांनी स्वतःला विचारलं. दोघंही एकाच ठिकाणी, दोघंही बाहेर. फिट्टंफाट.

"ती फट किती रुंद आहे हो?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"चौदा मीटर."

"आणि मग एकदम तळं?"

"हो. एकदम."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांची बोटं अगदी थोडी, तिला न कळता, पाणी मागे सारत असल्यासारखी हलत होती. नकाशेवाल्यांनी दोन-तीनदा नजर काढून घेतली आणि दोन-तीनदा ती परत तिथेच गेली. शेवटी गुडघ्यांवर हात देऊन ते उठले आणि वर सुकाणूच्या खोलीत गेले.

कप्तान चहा पीत होता. जाडजूड, टकला, कमी बोलणारा माणूस.

"मी खोटं बोललो," नकाशेवाले दारातूनच म्हणाले. "बायकोला काही चक्कर-बिक्कर आलेली नाही. ठणठणीत आहे ती. मीच..."

कप्तानाने कप खाली ठेवला. फळीवरून प्रवाशांची नोंदवही काढली आणि पेनने बायकोच्या नावापुढची ओळ खोडली. मग पेन तसंच धरून तो पानाकडे बघत राहिला.

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुमच्या नावापुढेपण लिहिलंय. हृदयाचा त्रास, दम लागतो, अवघड ठिकाणी नेऊ नये. पहिल्याच दिवशी काकू सांगून गेल्या." तो जरा घुटमळला. "तुम्हाला कळू देऊ नका म्हणाल्या होत्या. पण आता हे असं झालं, म्हणून विचारलं."

नकाशेवाल्यांचं हृदय निघण्याच्या महिनाभर आधीच तपासून झालं होतं. तपासणीचा कागद वाचून, "घोड्यासारखं चालतंय," असं बायकोच म्हणाली होती.

"पहिल्याच दिवशी?" त्यांनी विचारलं.

"नांगर उचलायच्या आधी."

खिडकीतून खालचा डेक दिसत होता. वेताची खुर्ची, तिच्या पाठीवर वाळत टाकलेला टॉवेल, आणि बायकोचं अर्धं डोकं. नकाशेवाले ते बराच वेळ बघत राहिले. कप्तानाने बिनतारी यंत्रावर एक होडी परत मागवली. भरती अजून तासभर तरी आहे, असं तो पलीकडच्याला सांगत होता.

नकाशेवाले खाली आले.

"ऊठ. होडी येतेय तुझ्यासाठी. माशीणबाईचा काहीतरी गैरसमज झाला होता."

ती तडक उठली. जॅकेट खुंटीवरून काढून तिने हात घातले. "आणि तुम्ही?"

"मला कसं जमेल?" ते म्हणाले. "दम लागतो ना मला."

बायकोची बोटं बंदावर थांबली. तिने वर पाहिलं नाही. पाण्यावरून इंजिनाचा आवाज जवळ येत होता. तो अगदी शिडीपर्यंत आला.

"काळजी वाटली म्हणून सांगितलं, असं म्हणू शकते मी," ती अखेर म्हणाली. "तुम्ही खरंही मानाल."

"मानलं असतं."

"कुठेही गेलो तरी माझ्या आधी तुम्हाला सगळं माहीत असतं हो. स्टेशन यायच्या आधी तुम्ही सांगता आता पूल लागेल. पूल लागतो. मी आयुष्यभर ते पूल बघितले, तुम्ही सांगितलेले." तिने बंद आवळला. "एकदा मला काहीतरी आधी बघायचं होतं."

नकाशेवाल्यांनी मान हलवली. मग खुंटीवरचं दुसरं जॅकेट काढलं आणि विचारल्यासारखं हातात धरलं.

"या," ती म्हणाली. आणि शिडी उतरता उतरता, "पण बोलायचं नाही."

या खेपेला तिने खालून हात दिला. त्यांनी तो धरला.

फट जवळ आली तशी सावली पडली. दोन्ही बाजूंनी काळा, ओला कातळ, त्यावर चिकटलेल्या शिंपल्या, आणि वर आभाळाची चिंचोळी पट्टी. ही सावली नकाशात नव्हती. गारवाही नव्हता. होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि भरतीच त्यांना आत घेऊन गेली. कातळ संपला आणि एकदम उजेड झाला.

नकाशेवाल्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बायको पुढे बसली होती. तिची फक्त पाठ दिसत होती. ती जराही हलत नव्हती.

तळ्याच्या कडेला दुसरी होडी होती आणि पाण्यात सगळ्यांची डोकी. दंतवैद्यीण हात करत पोहत जवळ आली.

"काका, आलात! बरं झालं. हे बेट तुम्हीच काढलंय म्हणे? मग सांगा बघू, या मध्यात पाणी किती खोल आहे? सकाळपासून पैज लागलीय आमची."

एकोणीस वाव. मध्याच्या जरा उत्तरेला एकवीस. आकडे त्यांच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसले, त्यांच्याच अक्षरातले, टपोरे. बायकोने मागे वळून पाहिलं नाही. पण चष्मा लावता लावता तिचा हात थबकला होता.

"नाही बुवा," नकाशेवाले म्हणाले. "मला नाही माहीत."

तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, होडीच्या कडेवर बसली आणि पाण्यात उतरली. थोडं पुढे जाऊन तिने मान बाहेर काढली, नळी तोंडातून बाजूला केली.

"थांबा हं," ती म्हणाली. "बघून सांगते."