हात पाठीमागे, डोळा भिंगाला

मित्रांनो, जरा जवळ या. अजून जवळ. मी एक जुनं भिंग आहे, आणि लांबचं मला सगळं धुरकट दिसतं. बोटभर अंतरावरचं मात्र विचारू नका. मुंगीच्या पायावरचे केस मला दिसतात. तुमच्या बोटाला चिकटलेला बिस्किटाचा चुरा दिसतो, आणि तो तुम्ही हळूच कुठे पुसलात तेही दिसतं.

काचेच्या एका कारखान्यात मला घासून घासून गोल केलं आणि बाटलीच्या बुचाएवढ्या काळ्या नळकांड्यात बसवलं. घड्याळं दुरुस्त करणारी माणसं मला भुवई आणि गालाच्या मध्ये घट्ट धरतात. म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. अशाच एका घड्याळजींच्या उजव्या डोळ्यासमोर मी तीस वर्षं काढली. त्यांचं दुकान इतकं चिंचोळं होतं की गिऱ्हाईक आत आलं की घड्याळजींना पोट आत घ्यावं लागतं, असं काकू म्हणत. काकू म्हणजे त्यांची बायको. आख्खी गल्ली त्यांना काकूच म्हणे.

त्या तीस वर्षांत मी हजारो चाकं पाहिली. एक चाक दुसऱ्याला फिरवतं, दुसरं तिसऱ्याला. मला नेहमी वाटे, माणसांचंही असंच असतं का? घड्याळजींना हे सगळं कुणी दाखवलं असेल? त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला विचारता येत नाही.

एकदा वाचनालयाच्या बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन दुकानात आल्या. जाता जाता म्हणाल्या, "शनिवारी दुपारी मुलं येतात आमच्याकडे. पुस्तकं वाचून झाली की एकमेकांच्या डोक्यावर बसतात. तुम्ही याल का तासभर? काहीतरी दाखवा त्यांना."

"मला बोलता येत नाही हो चारचौघांत."

"मग नका बोलू. चहा मिळेल."

"साखरेचा?"

"बिनसाखरेचा. काकूंनी आधीच सांगून ठेवलंय."

शनिवारी घड्याळजी वाचनालयात गेले. टेबलावर त्यांनी मोडकी घड्याळं मांडली, प्रत्येक मुलापुढे एकेक, आणि मग एक अजब गोष्ट केली. ते मागे उभे राहिले आणि आपले दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधून घेतले.

"आजोबा, हात का बांधलेत?" एका मुलाने विचारलं.

"सुटले तर तुमचं काम मीच करून टाकेन म्हणून."

तेव्हापासून तोच नियम झाला. मी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरे आणि घड्याळजी एवढंच विचारत, "काय दिसतंय?" उत्तर चुकलं तरी म्हणत, "बरं. अजून काय दिसतंय?" मोठ्या माणसाच्या डोळ्याची मला सवय होती. पण मुलांचे डोळे! ते भिंगात स्थिर राहतच नाहीत. पापण्यांनी मला गुदगुल्या होत. मी घड्याळ बघे, आणि घड्याळापेक्षा त्यांना बघे.

त्यात एक दहा वर्षांची मुलगी होती. तिला सगळे शंकाबाई म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य प्रश्नाने सुरू होई. तिने घरून गजराचं घड्याळ आणलं होतं. तिची आई पहाटे बेकरीत पीठ मळायला जाई. घड्याळ मधेच बंद पडे, आई त्याला हलवे, की पुन्हा सुरू. पण पहाटे ते बंद पडलं तर हलवणार कोण? आईला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर काम गेलं म्हणून समज, असं मालकाने बजावलं होतं. तेव्हापासून रोज पहाटे शेजारीण दार वाजवून आईला उठवी, आणि दिवसभर त्याची आठवण करून देई.

"हे मी दुरुस्त करणार," शंकाबाई म्हणाली.

तिने एक वही केली. घड्याळ कधी बंद पडतं ते त्यात लिहायचं. पाच आठवडे लिहिलं. मग एका शनिवारी ती धावतच आली. "आजोबा, हे कधीही बंद पडलं तरी मोठा काटा चाराच्याच जवळ का असतो?"

घड्याळजींच्या मिशा हलल्या. "तुला काय वाटतं?"

तिने बोटाने हवेत काट्याची फेरी काढली. मग म्हणाली, "तासात एकच फेरी मारणारं चाक असेल एखादं. त्याच्या एकाच दातापाशी काहीतरी अडत असेल."

मला टाळ्या वाजवता येत नाहीत, मित्रांनो. नाहीतर वाजवल्या असत्या. तिने ते चाक शोधलं आणि मला डोळ्याला लावून एकेक दात तपासायला लागली. एका शनिवारी दहा दात. दुसऱ्या शनिवारी पुढचे एकवीस.

तिसऱ्या शनिवारी पालकांना बोलावलं होतं. मुलांनी काय केलं ते त्यांना दाखवायचं होतं. खुर्च्या भरत आल्या. शंकाबाईची आई हातावरचं पीठ घाईने धुऊन आली होती, पण कोपरावर राहिलंच होतं. वाचनालयाच्या बाई दारातून खुणावत होत्या, चला, चला. शंकाबाई बत्तिसाव्या दातावर होती.

आणि घड्याळजींचे हात सुटले.

"दे इकडे बाळा, एक मिनिट." त्यांनी मला तिच्या डोळ्यावरून काढून आपल्या डोळ्याला लावलं. पस्तिसाव्या दाताच्या फटीत वाळलेल्या तेलाचा कण होता. तो मीच त्यांना दाखवला. मी तेवढंच करू शकते. त्यांनी सुईच्या टोकाने तो काढला, चावी दिली, आणि घड्याळ टिकटिकायला लागलं.

गजर वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "बघा, माझ्या लेकीने केलं." शंकाबाईने मला घड्याळजींच्या हातून घेतलं, त्यांनी शिकवल्याप्रमाणे काच वर करून टेबलावर ठेवलं आणि ती आईशेजारी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

पुढच्या शनिवारी तिची खुर्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्याही.

"आजारी असेल," घड्याळजी घरी काकूंना म्हणाले.

"घड्याळ कुणी दुरुस्त केलं शेवटी?"

"वेळ कमी होता गं. लोक येऊन बसले होते."

"मी विचारतेय काय, तुम्ही सांगताय काय."

घड्याळजी जेवता जेवता थांबले. मी त्यांच्या खिशात होते. त्यांचा हात खिशावर आला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शंकाबाईच्या घरी गेले. दार आईने उघडलं.

"घड्याळ चालतंय?" त्यांनी विचारलं.

"एकदम छान. एक मिनिट मागे नाही, पुढे नाही."

"मग द्या जरा. ते नीट बिघडवायचंय."

"चांगलं चालतंय अशी तक्रार घेऊन आलेला घड्याळजी मी पहिल्यांदाच बघतेय. आणि मला पहाटे उठवणार कोण? ती शेजारीण?"

"माझं घेऊन आलोय. राहू दे तुमच्याकडे."

शंकाबाई आतल्या दाराआडून ऐकत होती. घड्याळजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझं काम मी पळवलं. तुला विचारलंसुद्धा नाही. ते परत करायला आलोय."

मग ते खिडकीपाशी पाठ करून बसले, मला डोळ्याला लावलं आणि डिंकाचा एक वाळका कण चाकात बसवला. तीस वर्षांत मी त्यांना शेकडो घड्याळं सुरू करताना पाहिलं होतं. बंद पाडताना पहिल्यांदाच पाहिलं. इतकी काळजी त्यांनी दुरुस्तीतही कधी घेतली नव्हती.

"त्याच जागी ठेवलात?" दाराआडून आवाज आला.

"सांगणार नाही."

"त्याच चाकात तरी?"

"सांगणार नाही."

मग आतून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

शनिवारी ती आली. या वेळी काटा नवाच्या जवळ अडत होता. दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी मी तिच्या डोळ्याला होते, आणि अठ्ठेचाळिसाव्या दातापाशी तिची पापणी फडफडायची थांबली. मागे उभ्या घड्याळजींनी एका हाताने दुसरा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती, असं वाचनालयाच्या बाई नंतर सांगत. मी नाही पाहिलं. मी तो कण बघत होते. शंकाबाई सुई घेऊन चार वेळा चुकली. पाचव्यांदा कण निघाला. त्या दिवशी टाळ्या वाजवायला कुणी पालक नव्हते.

पुढे घड्याळजींची नजर अधू झाली. दुकान बंद झालं, शनिवार थांबले, आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. बटणांना बोलायची फार हौस, पण बघायची मुळीच नाही. माझ्या कडेला एक ओरखडा पडला तो तेव्हाचा.

मग एक दिवस डबा उघडला. दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारी एक बाई विचारत होती, "आजोबा, ते भिंग आहे का अजून? शनिवारी मला सुट्टी असते." तिने मला डोळ्याला लावलं आणि पापणीवरून मी तिला ओळखलं.

आता वाचनालयात शनिवारी पुन्हा टेबल मांडलेलं असतं, आणि मुलं शंकाबाईला ताई म्हणतात. घड्याळजी खिडकीशी बसून बिनसाखरेचा चहा पितात आणि कुणाचं लक्ष नसलं की वाचनालयाच्या बाईंच्या साखरेच्या डब्यातून चमचाभर साखर उचलतात.

मित्रांनो, मला शर्टाच्या टोकाने पुसू नका. मऊ कापड घ्या. दुसरं मागणं मोठ्यांकडे आहे, ते तुम्ही घरी पोचवा. तुमच्या घरात कुणाला शिवता येत असेल, सुतारकाम येत असेल, सायकल खोलता येत असेल, तर त्यांना विचारा, शनिवारी मोकळे आहात का? आणि तुम्हाला काही येत असेल, तर तुमच्याहून धाकट्या कुणाशेजारी जाऊन बसा.

हे बघा, आत्ताच एक छोटी कंटाळली आहे. "ताई, जमत नाही मला. तुम्हीच करा ना."

ताईचा हात टेबलाच्या कडेपर्यंत येतो. मला दिसतो, अगदी जवळून, बोटांवरच्या रेषांसकट. मग तो मागे जातो, पाठीमागे, दुसऱ्या हाताला शोधत.

"काय दिसतंय?" ती विचारते.

मी त्या छोटीच्या डोळ्यावर आहे. तिची पापणी फडफडते आहे. थांबा, मलाही बघू द्या.