मागावरची हाक

अठ्ठ्याहत्तर साली आई गेली आणि घरातल्या भाकऱ्या माझ्याकडे आल्या. पहाटे उठून मी यंत्रमागावर कामाला जाणाऱ्या अब्बांचा डबा भरायची, आणि तो संध्याकाळी तसाच परत यायचा. आधी मला रागच आला. महिन्याभरात अब्बांची गालफडं बसली. खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "हाफिजा, माग चालू असला की तुझी आई बोलती माझ्याशी."

मी शाळेत विज्ञान शिकवणारी. लगेच त्यांना आमच्या कबनूर गावाहून शहरात, राजारामपुरीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सज्जन होते. कान तपासून म्हणाले, "लालासाब, जन्मभर मागांच्या खडखडाटात तुमचे कान अधू झालेत. नीट ऐकू येईनासं झालं, की मेंदू ओळखीचा आवाज स्वतःच भरतो. हे वेड नव्हे, घाबरू नका."

"पटलं की, डॉक्टर," अब्बा म्हणाले. मलाही पटलं, हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरलेलाच.

मी डबा आपटला. "आई बोलते ना? मग काय बोलते तेवढं तरी सांगा!"

इतक्या दिवसांत हे मी विचारलंच नव्हतं.

अब्बा खाली बघत म्हणाले, "जेवलासा का, म्हणून इचारती. न्हाय म्हटलं की थांबती. जेवलो म्हटलं तर जाईल की गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बायकोनं थांबावं म्हणून हा माणूस उपाशी राहत होता, आणि मी त्याचे कान तपासत बसले होते. त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "अब्बा, ती होती तेव्हा रोज जेवत होतात की. म्हणून दुसऱ्या दिवशी विचारायची राहिली का कधी?"



दुसऱ्या संध्याकाळी डबा रिकामा आला.

"विचारलं तिनं?"

"इचारलं. जेवलो म्हटलं. लई खूश झाली." चपला काढता काढता ते म्हणाले, "आन् तुला निरोप हाय. करपल्याली भाकरी सोता खात जाऊ नको म्हणाली."

त्या सकाळी दोन भाकऱ्या करपल्या होत्या. अब्बा कामावर गेल्यावर मी त्याच उभ्या उभ्या खाऊन शाळेला गेले होते. कुणाला बोलले नव्हते. आईही जन्मभर तेच करायची.

डॉक्टरांचं म्हणणं मला अजूनही पटतं, आणि वर्गात मी तेच शिकवत आले. पण त्या संध्याकाळी तोंडाला पदर लावून मी पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी करपलेली भाकरी कोंबड्यांना घातली आणि चांगली माझ्या ताटात घेतली.