कोटातला जळबा

फोटोतला माणूस आपला दीर आहे हे आधी कुणी सांगितलं नसतं, तर शालूबाई हिंगोलीच्या एखाद्या वकिलाला हार घालून मुकाट्यानं घरी आली असती.

जळबाचा फोटो मुळात एकच होता. मामेभावाच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाचा काढलेला. त्यात तो मागच्या रांगेत, अर्धं तोंड कुणाच्या तरी फेट्याआड आणि डोळे मिटलेले. हिंगोलीच्या फोटोवाल्यानं त्यातून एवढं मुंडकं काढलं, मोठं केलं, डोळे उघडले, केसांचा भांग पाडला आणि खाली काळा कोट चढवून वर टाय बांधला. बावीस वर्षांच्या आयुष्यात जळबानं बंडी सोडून दुसरं काही अंगात घातलं असेल तर ते लग्नाकार्यात, आणि तेही संध्याकाळच्या आत काढून खुंटीला लावलेलं. खराच कोट मिळाला असता तर त्यानं त्याच्या खिशात गांडुळं भरली असती.

अठ्ठ्याहत्तर सालातली गोष्ट. जळबाला जाऊन वर्ष झालं होतं, आणि सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली त्याची श्रद्धांजली सभा भरली होती. सभा चेअरमन उत्तमरावांनी ठेवली होती. सोसायटीचं नवं सभागृह बांधून तयार होतं, दिवाळीनंतर निवडणूक होती, आणि गावातला एकुलता एक माणूस, जो सोसायटीच्या नोकरीत असताना मेला होता, तो जळबा होता. एवढ्या तीन गोष्टी जुळून आल्यावर उत्तमरावांना त्याची आठवण न येती तरच नवल.

शालूबाईला पुढं खुर्ची दिली होती. शेजारी तिचा नवरा तातेराव, जळबाचा थोरला भाऊ. तो मांडीवर हात ठेवून असा बसला होता की सभा त्याच्याच गुन्ह्याची चौकशी करायला भरली असावी. समोर अर्धं गाव. मागं कडुनिंबाखाली, ताडपत्रीच्या बाहेर, पुंजाजी भोई उकिडवा बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि जा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

पहिले बोलले हरिचंद गुरुजी. "जळबा हा माझा लाडका विद्यार्थी. नियमित, अभ्यासू, नम्र."

शालूबाईनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाईला हुंदका आला. खरं तर तिला हसू आलं होतं. सातवीच्या वर्षी जळबा शाळेत जितके दिवस गेला, त्याहून जास्त दिवस गुरुजी त्याला शोधायला नदीवर आले होते. आणि तेही पहिले दोनदा शोधायला, नंतर मरळ मासा घ्यायला. पुढं पुढं तर शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आतच गुरुजी म्हणायचे, "जळबा, तुझं पोट दुखतंय ना? जा मग." पोट दुखणारं पोरगं तासाभरात कयाधूच्या डोहावर गळ टाकून बसलेलं असायचं.

ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा जळबा दहा वर्षांचा होता. सासू त्याआधीच गेलेली. त्यामुळं त्याला न्हाऊ घालायचं, शिव्या द्यायच्या, जेवायला हाका मारायच्या, हे सगळं तिच्याकडं आलं. नदीवर पुंजाजी भोयानं त्याला जाळं फेकायला शिकवलं आणि तिथून पोरगं घरचं राहिलं नाही. कुठल्या बांधाला ससा बसतो, कोणत्या बाभळीला मोहोळ धरलंय, पाण्यावरचा बुडबुडा वाम माशाचा की शिंगाडा माशाचा, हे त्याला बघताक्षणी कळायचं. आपल्या आठ एकरात तूर पेरलीय की ज्वारी, हे मात्र विचारावं लागायचं. भावकीला त्याची लाज वाटायची. कुणब्याचं पोरगं भोयाची कामं करतंय म्हणून भावकीतल्या उकंडरावानं त्याला चावडीसमोर दोनदा झाडलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात नदी आटली आणि एकच डोह उरला, तेव्हा जळबा आणि पुंजाजी त्यातले मासे काढून घरोघरी वाटत होते. उकंडरावानं तेव्हा भोयाची कामं या विषयावर काही म्हटलं नाही, कारण त्याच्या तोंडात घास होता.

आता तोच उकंडराव उठला. "जळबा म्हंजे साधुपुरुष," तो म्हणाला. "जीवजंतूंवर दया. मुंगीला पाय लागू द्यायचा न्हाई."

मागं कुणीतरी खोकलं. पुंजाजी जमिनीकडं बघत होता.

मग उत्तमराव उभे राहिले. गळ्यात माळ, खांद्यावर उपरणं, काखेत छत्री. त्यांच्या घरी मासा शिजत नसे. फक्त दर पंधरा दिवसांनी घरात कुणाला तरी ताप यायचा आणि त्यांची बायको सुमनबाई मागच्या दारानं येऊन म्हणायची, "शालू, थोडा रस्सा दे वं, वैद्यानं सांगितलंय." जळबा तेव्हा हसून म्हणायचा, "वयनी, चेअरमनच्या घरी मलेरियावाले पाठवा एकदा."

"जळबाला मीच मार्गावर आणलं," उत्तमराव म्हणाले. "रानावनात भटकणारं पोरगं. त्याला सोसायटीत शिपाई केलं, खुर्ची दिली. पण नियतीला ते बघवलं न्हाई. काळानं झडप घातली. आज मी जाहीर करतो, या सभागृहाला कैलासवासी जळबाचं नाव देऊ."

टाळ्या वाजल्या. तातेरावानंही वाजवल्या. शालूबाईचे हात मांडीवरच राहिले.

'नियती' हा शब्द तिच्या कानात ठसठसत होता. ती नियती तिला चांगली माहीत होती. सोसायटीच्या टेबलावर असायची, तिला तीन पाती होती.

नोकरी लागल्यावर जळबा महिनाभर तोंड पाडून होता. मग त्यानं त्यातही मजा शोधली. रात्री जेवताना तो सोसायटीतल्या एकेकाची नक्कल करून दाखवायचा. पंख्याची वायर उंदरानं खाल्लेली, तिला चिंधी गुंडाळलेली, हात लावला की मुंग्या यायच्या. "वयनी, आमचे चेअरमनसाहेब पंख्याला बोट लावत न्हाईत. असे उभे राहतेत आन् छत्रीच्या लाकडी मुठीनं बटण दाबतेत," असं म्हणून जळबा उलथन्यानं पाण्याचा तांब्या दाबून दाखवायचा. शालूबाई हसून हसून बेजार व्हायची. तातेरावसुद्धा हसला होता.

मग आषाढातल्या त्या दुपारी पत्रा गळला, फरशीवर पाणी साचलं, आणि उत्तमराव म्हणाले, "जळबा, पंखा जरा इकडं कर." जळबा अनवाणी होता. पुरात कयाधूच्या या काठावरून त्या काठाला जाणारा, ज्याला नदी खाईल असं सगळं गाव बारा वर्षं सांगत होतं, तो बोटभर पाण्यात उभा असताना गेला.

"आता शालूबाई दोन शब्द बोलतील," गुरुजी म्हणाले.

तातेराव तिच्या कानाशी लागला. "आभार मान आन् बस."

ती उठली. अशी माणसांसमोर बोलायची तिची पहिलीच वेळ. आधी तिनं फोटोकडं बघितलं, मग पदर खोचला.

"ह्यो फोटोतला माणूस कोण हाय मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "चांगला दिसतो. पण आमचा जळबा असा नव्हता. गुरुजी, तो अभ्यासू न्हवता. तुमीच त्याला मरळीसाठी सोडत व्हता. उकंडभाऊजी, तो मुंगीला पाय लावत नसंल, पण मासे लई मारायचा, आन् तुमी त्याचे काटेसुद्धा चोखून खाल्ले. तो आळशी व्हता. दोनदा पेरणीच्या दिवशी पळाला. आंघोळ केली तरी त्याच्या अंगाचा मासळीचा वास जात नसे. मी त्याला रोज शिव्या द्यायची."

पोरं हसायला लागली. मग बायका. गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं.

"अन् चेअरमनसाहेब, तुमी म्हणता नियती. नियतीच्या वायरीला चिंधी काहून गुंडाळलेली व्हती? तुमाला मुंग्या येतेत म्हणून तुमी छत्रीनं बटण दाबत व्हता. त्याच्या हातात छत्री काहून दिली न्हाई?"

उत्तमरावांनी काखेतली छत्री हळूच खुर्चीमागं उभी केली. सगळ्यांनी ते करताना बघितलं.

"बाई दुःखात हायेत," ते म्हणाले. "बसवा त्यांना."

"बसते. पण माझंही सांगून बसते. त्याला नदीवरून वढून तुमच्या दारात आणायला मीच पहिली व्हते. 'लोकावानी कामाला लाग, लोकावानी कामाला लाग,' रोज घोकलं. लागला. तुमच्यापाशी वायर व्हती, माझ्यापाशी जीभ. सभागृहाला नाव देऊ नका. त्याला छपराखाली बसाय कदी आवडलं न्हाई."

ती खाली बसली. टाळी कुणी वाजवली नाही. चहा आला, लोकांनी तो बशीत ओतून मान खाली घालून प्यायला. पुंजाजीपर्यंत चहा पोचला नाही. शालूबाईनं आपला कप उचलला, ताडपत्रीच्या बाहेर गेली आणि त्याच्या हातात दिला.

पुंजाजी म्हणाला, "माय, आळशी नव्हतं पोरगं. पहाटं गळ टाकला की तीन तीन घंटे हालत नसे. मी म्हातारा कंटाळायचो."

"मग बोलला का न्हाईस तिथं?"

"मला कोण बोलू देतंय?"

घरी जाताना तातेराव तिच्या चार पावलं पुढं चालला. दोन दिवस त्यानं तोंड उघडलं नाही. भाकरी वाढली की खायचा, उठायचा. तिनंही समजूत काढली नाही. इकडं सोसायटीत हिंगोलीहून वायरमन आला आणि त्यानं सगळी वायर बदलली. एका माणसाच्या मरणानं वर्षभरात जे झालं नाही ते बाईच्या जिभेनं आठवड्यात झालं. सभागृहाला उत्तमरावांच्या वडिलांचं नाव लागलं. दिवाळीनंतर उत्तमरावच निवडून आले, मागच्यापेक्षा चार मतं कमी घेऊन. पुंजाजी अजून शालूबाईला मासा आणून द्यायचा, सुमनबाई मात्र मागच्या दारानं यायची बंद झाली. त्या घरात नंतर कुणाला ताप आल्याचं ऐकू आलं नाही.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी तातेराव शेतातून लवकर आला. ओसरीवर बसला. ती सूप पाखडत होती.

"ते छत्रीचं त्यानं मलाबी सांगितलं व्हतं," तो म्हणाला.

"मला ठाऊक हाय. तुमी हसला व्हता."

"दुसऱ्या दिशी जाऊन चेअरमनला म्हणायला पायजे व्हतं, वायर बदला म्हणून. मला भ्या वाटलं, नोकरीवरून काढतील त्याला."

शालूबाईचं सूप थांबलं. दारातून कयाधूकडची झाडं दिसत होती. तो रडतोय हे तिला न बघताही कळलं, कारण तेरा वर्षांत त्यानं नाक असं कधी ओढलं नव्हतं.

"काढलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.